मासोळीची गाडी आणि पोरींची बस

धरणाचं पाणी शेतात चढलं तेव्हा बाबांनी धान सोडून मासोळीचा धंदा धरला. आमच्या घरात तो आधी कुणी केला नव्हता. सुरुवातीला मासे धरणाऱ्या ढिवरांकडून माल घेऊन ते सायकलवर पवनीला जायचे. मागे पेटी, पेटीत बर्फ, वरून ओलं पोतं. आजोबा कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोलले नाहीत. पुढे टेम्पो आला, नागपूरच्या बाजारात ओळखी झाल्या आणि लोक बाबांना शेठ म्हणू लागले. त्यांना ते आवडायचं, आणि आवडतं हे ते लपवायचे नाहीत.

पुनर्वसनात मिळालेलं आमचं नवं गाव रस्त्यापासून बरंच आत होतं. एसटी यायची नाही, त्यामुळे सातवीनंतर मुली घरीच बसायच्या. मी आठवीत गेले तेव्हा बाबांनी ठरवलं की सकाळी मासे उतरवून परतलेल्या टेम्पोतून गावातल्या मुलींना पवनीच्या शाळेत सोडायचं. टेम्पो धुऊन बाबा त्यात सतरंजी टाकायचे आणि आम्ही दाटीवाटीनं बसायचो.

शाळेत आम्हाला बघून पोरी म्हणायच्या, "मासोळ्या आल्या." मी हसून सोडून द्यायची. माझी मैत्रीण मात्र एक दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही ती दिसली नाही, तेव्हा बाबांनी तिच्या दारात टेम्पो थांबवला. मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

"काहून येत नाहीस, बाई?" बाबांनी विचारलं.

ती तिच्या आईच्या मागे उभी होती. "काका, कपड्याले वास येते. पोरी माह्याजवळ बसत नाहीत."

"रोज धुतो ना मी गाडी! कायचा वास?" बाबा तडकले आणि तसेच बाहेर पडले.

संध्याकाळी जेवतानाही त्यांचं तेच चाललं होतं. आई भात वाढता वाढता म्हणाली, "तुमचं नाक मेलं हाये. मले बी येते वास. तुमच्या पोरीले बी येते, पण ते बोलत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग जेवण संपवून उठले.

त्या वर्षी त्यांना मासे ठेवायला शीतगृह बांधायचं होतं. त्याऐवजी त्यांनी नागपूरहून एक जुनी स्कूलबस आणली. मामा चिडला, "भाऊजी, धंदा बुडवता का?"

"शीतगृह पुढच्या साली होईल. पोरगी घरी बसली का लगन लावून देतेत," बाबा म्हणाले.

बसवर त्यांनी स्वतःचं नाव लाल अक्षरांत रंगवून घेतलं. आईला ते बरं वाटलं नाही. बाबा म्हणाले, "माह्या पैशाची हाये, नाव कायले लपवू?"

पहिल्या दिवशी बस आधी मैत्रिणीच्या दारात गेली. ती दप्तर घेऊन तयारच होती. आली आणि खिडकीशी बसली. बाबा मात्र मासोळीच्या कपड्यांत होते, म्हणून चढले नाहीत. कोपऱ्यावर उभं राहून बस वळेपर्यंत बघत होते.

हळूहळू शेजारच्या गावांतल्या मुलीही येऊ लागल्या. बाबांनी शाळेत मुलींसाठी संडास बांधून दिले, काहींची फी भरली. सत्कार झाले, सगळ्या शाली त्यांनी कपाटात घडी करून ठेवल्या आहेत. मैत्रीण आता लाखनीला नर्स आहे.

मागच्या वर्षी गावात एसटी सुरू झाली आणि बस रिकामी पडली. बाबा कित्येक दिवस घुश्शात होते. शेवटी आई म्हणाली, "म्हाताऱ्या बायांले भंडाऱ्याले न्या, डोळे दाखवाले."

आता दर सोमवारी बस भंडाऱ्याला जाते. बाबा ड्रायव्हरच्या बाजूला बसतात आणि सगळा रस्ता त्याला गाडी हळू चालव म्हणून सांगत राहतात.