उदय बसची वाट पाहत राहिला

नवऱ्यावर रागावणं कादंबरीने केव्हाच सोडून दिलं होतं. राग यायला समोरचा माणूस आपल्या तोलामोलाचा वाटावा लागतो. सुरुवातीला तिला उदयची कीव यायची. कीव आटली तेव्हा तळाशी निव्वळ तुच्छता उरली, आणि ती तिने चारचौघांत कधी दिसू दिली नव्हती. जपानमध्ये, तोयोसुतल्या मराठी मंडळींत उदय म्हणजे आदर्श माणूस. नवीन कुटुंब पुण्याहून आलं की त्याला सगळे सांगत, "काही अडलं तर उदयला विचारा."

लग्न करून ती चिंचवडहून इथे आली, तेव्हा तो असा नव्हता. ऑफिसातून घरी येऊन टाय सोडताना हसत म्हणायचा, "आजही मीटिंगमध्ये कुणी काय बोललं ते कळलं नाही, मी नुसती मान हलवली." त्या मान हलवणाऱ्या घाबरट पोरावर तिचा जीव होता. पुढे त्याला भाषा आली, बढती मिळाली, आणि शिस्तीचं वेड त्याच्या अंगात शिरलं. जपानी माणसाहून जपानी झालो, असं त्याचं त्यालाच वाटायचं. खरे जपानी सहकारी शुक्रवारी संध्याकाळी बिअर ढोसून एकमेकांच्या गळ्यात पडत, साहेबाला शिव्या घालत. हा कोपऱ्यात चहाचा ग्लास धरून पाठ ताठ करून बसायचा. फोनवर बोलताना भिंतीसमोर कमरेत वाकायचा. पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला की पहिलं वाक्य, "आई, हळू बोल, शेजाऱ्यांना ऐकू जातं."

श्याम आणि अनुराधा नाशिकहून येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. इमारतीच्या कचऱ्याच्या खोलीत त्यांची पिशवी उदयच्या दृष्टीस पडली. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं काढलेली नव्हती. उदयने ती पिशवी उचलली आणि थेट त्यांच्या दारात नेऊन ठेवली. दार उघडणाऱ्या अनुराधाला म्हणाला, "तुमच्या भल्यासाठी सांगतोय. इथे आपली इज्जत आपल्या कचऱ्यात असते."

दुसऱ्या दिवशी कादंबरी डबाभर पोहे घेऊन त्यांच्याकडे गेली. अनुराधाने डबा घेतला, चहा केला आणि हळूच विचारलं, "वहिनी, उदयदादा घरीपण असेच असतात का?"

कादंबरी हसली आणि चहा छान झालाय म्हणाली.

ती स्वतः जवळच कोतोत, म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या एका केंद्रात नोकरी करत होती. आधी काही वर्षं कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ उभी राहिली. बोलायला तिथेच शिकली. केंद्रातल्या आज्या तिला कादा-सान म्हणत, सुनांच्या चुगल्या सांगत. उदयच्या मते तिचं जपानी गावंढळ होतं. "तू म्हाताऱ्यांसारखी बोलतेस," तो म्हणायचा. "मग म्हाताऱ्यांशीच बोलते ना मी," ती म्हणायची, आणि विषय तिथेच संपायचा.

त्या वर्षी मेच्या सुट्टीत तिघं नेपल्सला गेली. तिघं म्हणजे हे दोघं आणि पंधरा वर्षांची यामिनी, जिला मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर द्यायची. नेपल्स उदयनेच निवडलं होतं, कारण त्याला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेलं ते जुनं शहर बघायचं होतं. जिवंत शहराशी मात्र त्याचं पहिल्याच दिवशी वाजलं. स्कूटर फुटपाथवरून येतात, लोक रस्त्यात उभे राहून ओरडतात, कॉफीच्या दुकानात रांग म्हणून नसतेच. प्रत्येक गोष्टीवर त्याचं एकच पालुपद: "जपानमध्ये असं होत नाही."

"माता हाजिमात्ता," यामिनी पुटपुटायची. पुन्हा सुरू झालं.

कादंबरीला मात्र ते शहर पाहताक्षणी आवडलं. उदय दुपारी खोलीत बसून टॉवेलच्या डागाबद्दल वेबसाइटवर तक्रार लिहायचा, तेव्हा मायलेकी समुद्रावर जायच्या. खडकांवर बसून कागदाच्या पुडीतले तळलेले छोटे मासे खायच्या, अगदी मांदेलीसारखे, डोक्याशेपटीसकट. शेजारी बायका पाय पाण्यात सोडून मोठमोठ्याने भांडत, आणि मग तितक्याच मोठ्याने हसत. कुणी कुणाला हळू बोल म्हणत नव्हतं. यामिनी एकदा उगीचच ओरडून बघू लागली. कादंबरीही ओरडली.

ज्या घरात ते उतरले होते त्याची मालकीण कार्मेला सत्तरीची, जाडजूड, घरभर सपाता फटफटवत फिरणारी बाई होती. तिला इंग्रजीचे मोजके शब्द येत, पण कादंबरीचं तिच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी कार्मेलाने दोन्ही हात हवेत झटकले. "टुमॉरो नो बस. स्ट्राइक!"

उदयने फोन काढला, विमानतळाच्या बसचं वेळापत्रक उघडलं आणि तिच्यापुढे धरला. "बस आहे."

कार्मेलाने फोनकडे पाहिलं, मग उदयकडे पाहिलं, आणि कादंबरीच्या हातात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली.

सकाळी बंदरासमोरच्या थांब्यावर तिघं बॅगा घेऊन उभी राहिली. माणसं येत, खांबावर चिकटवलेला कागद वाचत, दोन शिव्या हासडत आणि निघून जात. कादंबरीने कागद फोनवर भाषांतर करून वाचला. आज चालकांचा संप आहे, एवढंच त्यात होतं.

"हाताने लिहिलंय," उदय म्हणाला. "अधिकृत नाही हे. वेबसाइटवर काहीही बदललेलं नाही."

"सगळे लोक चाललेत, उदय."

"लोक!" तो म्हणाला. हा शब्द तो नाकाने उच्चारायचा.

टॅक्सीच्या थांब्यावर झुंबड होती. त्यातून एकही टॅक्सी उदयला मिळणार नाही, हे कादंबरीला बघताच कळलं. तिने कार्मेलाला फोन केला. थोड्याच वेळात एक पोचे पडलेली चिमुकली गाडी हॉर्न वाजवत फुटपाथवर चढली. मागच्या सीटवर लिंबांच्या पेट्या, डिकीचं दार दोरीने बांधलेलं. कार्मेलाने सपातांसकट खाली उतरून पेट्या एकावर एक रचल्या आणि जागा केली.

उदयने गाडीभोवती एक चक्कर मारली. "डिकी बंद होत नाही. मागे एकच पट्टा आहे. हिला प्रवासी न्यायचा परवाना असेल का? काही झालं तर विमा कोण देणार? कादंबरी, तुम्ही दोघी यात बसणार नाही. बस येईल."

"बस येणार नाही."

"येईल. आपण नियमाने जाऊ."

यामिनी एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे बघत होती. आणि कादंबरीला एकदम आपल्या नवऱ्याचं पूर्ण दर्शन घडलं: इस्त्रीचा शर्ट, छातीशी धरलेला फोन, रिकाम्या रस्त्याकडे लागलेली श्रद्धाळू नजर. या माणसाच्या तालावर मी घरातली भांडी लावली, फ्रिजवरच्या तक्त्याप्रमाणे कचरा टाकला, पोरीला घरात चवड्यांवर चालायला शिकवलं. उदयइतकीच तिला स्वतःचीही शिसारी आली.

"आमचे पासपोर्ट दे," ती म्हणाली.

तिघांचे पासपोर्ट शर्टाच्या आत, पोटावरच्या पाकिटात असायचे. "कशाला?"

"आम्ही निघालो."

तो जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतायत."

मघाशी ज्यांना नाकाने हिणवलं, त्यांच्यात याची अब्रू जात होती! कादंबरीने हात पुढे केला. लोक खरंच बघत होते, म्हणूनच त्याने शर्टाची दोन बटणं सोडली, पासपोर्ट काढले, स्वतःचा परत आत ठेवला आणि दोन तिच्या हातावर ठेवले. दोन्ही हातांनी, ऑफिसात व्हिजिटिंग कार्ड देतात तसे.

गाडी चढाच्या रस्त्याला लागली. कार्मेला एका हाताने हॉर्न वाजवत होती, दुसऱ्या हाताने बोलत होती. मध्येच तिने मागे बोट दाखवलं. "हजबंड सिक?"

"नो," कादंबरी म्हणाली. "व्हेरी डिसिप्लिन्ड."

कार्मेलाला तो शब्द कळला नाही. यामिनीला कळला आणि ती लिंबांच्या पेटीवर डोकं टेकून खदखदून हसली. आईचं बोलणं ऐकून ती इतकी कधी हसली होती, हे कादंबरीला आठवेना.

विमानतळ शहराला इतका खेटून होता की बॅगा ओढत चालत निघालं असतं तरी पोहोचता आलं असतं. सामान देऊन झाल्यावर कादंबरीने फोन लावला.

"बस आली?"

"अजून नाही. उशीर होतोय त्यांना."

"टॅक्सी बघ, उदय."

"रांग आहे. मध्ये घुसतात सगळे. मी नाही घुसणार."

"मग चालत ये. धावत ये. लहान मुलालाही येता येईल."

"हायवे आहे, कादंबरी. पादचाऱ्यांना परवानगी नसेल." मग, "तुम्ही थांबाल ना?"

विमानाच्या दाराशी शेवटची हाक झाली. "दोओ सुरु?" यामिनीने विचारलं. काय करायचं?

"बसायचं," कादंबरी म्हणाली.

विमान समुद्रावरून वळलं. आपल्याला काळजी वाटेल, पश्चात्ताप होईल, म्हणून ती वाट बघत बसली. तसलं काहीच आलं नाही. तिने जेवण मागून घेतलं, सगळं संपवलं आणि इस्तंबूलपर्यंत गाढ झोपली. जागी झाल्यावर त्या झोपेचीच तिला थोडी भीती वाटली.

उदय दोन दिवसांनी घरी आला. बूट काढून कपाटात सरळ लावले, हात धुतले आणि म्हणाला, "दुसऱ्या दिवशी बस अगदी वेळेवर आली."

तो विजयी दिसत होता.

पुढच्या रविवारी श्याम-अनुराधाकडे जेवण होतं. उदयने नेपल्सची कथा सुरू केली. तिथली घाण, तिथला गोंधळ, तिथली बेशिस्त. "ऐन वेळी संप! मग मीच या दोघींना पुढे पाठवलं. म्हटलं, यामिनीची शाळा बुडायला नको. मी मागे थांबून सगळं निस्तरलं."

"तू पाठवलं नाहीस," कादंबरी म्हणाली. भात वाढता वाढता, साध्या आवाजात. "तू थांब्यावर उभा होतास. आम्ही तुला तिथे टाकून आलो."

श्यामने आमटीच्या वाटीत नजर खुपसली. उदय हसला, ऑफिसातलं ठेवणीतलं हसू. "हिची आपली गंमत."

"गंमत नाही," ती म्हणाली. "कुणाला अजून भात?"

घरी जाताना कालव्याकाठी तो म्हणाला, "चारचौघांत असं बोलायचं नसतं."

"माहीत आहे मला."

त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण समोरून सायकल आली आणि तो शिस्तीत डावीकडे झाला.

काही दिवसांनी अनुराधा तिला स्टेशनात भेटली. घुटमळत म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी दादांना फार लागलं असेल हो." निदान अनुराधा तरी उदयची बाजू घेणार नाही, असं कादंबरीला वाटलं होतं.

"लागू दे," ती म्हणून गेली. शब्द फार कोरडा पडला, हे तिलाही कळलं. पण तो तिने मागे घेतला नाही.

पावसाळ्यात तिने योकोहामातल्या एका मोठ्या केंद्रात पूर्णवेळ नोकरी धरली. उदयला विचारलं नाही, सांगितलं. पुढच्या मेमध्ये पुन्हा कुठेतरी समुद्रकाठी जायचं, असं मायलेकींचं बोलणं चालू असताना तो दारात येऊन उभा राहिला.

"मलाही धरलंय ना त्यात?" त्याने विचारलं. आवाजात पूर्वीच्या त्या मान हलवणाऱ्या पोराची छटा होती, की तिला तसं वाटलं, देव जाणे.

"अजून ठरवलं नाही," कादंबरी म्हणाली. तिने खरंच ठरवलं नव्हतं.