हिराजीकाकांची शिळी बातमी

भजी बांधायला हिराजीकाका रद्दी घ्यायचे, पण ज्या पानावर 'येणार' असं छापलेलं असेल ते पान कधी फाडायचे नाहीत. लग्नाच्या जाहिराती, अपघात, सिनेमे, सगळ्यांच्या पुड्या व्हायच्या. 'मुरबाडला रेल्वे येणार', 'तालुक्यात उद्योगांचा सुवर्णकाळ येणार' ही पानं मात्र घडी घालून पेटीत. धसईच्या एसटी थांब्यावर त्यांचं दुकान, आणि घर आमच्या गावात, आमच्या भिंतीला लागून. कशाला जपता ही अडगळ, असं मी विचारलं तर म्हणाले, "पावना येनार म्हंतो, तर पाट मांडून ठेवायला नको काय गो?"

दुपारी गिऱ्हाईक नसलं की एखादं पान काढून ते मोठ्यानं वाचायचे. एसटीची वाट बघणारे माना डोलवायचे, आता पोरांचं भलं होणार म्हणायचे. मग काका वरची तारीख दाखवायचे. "कालचाच भात रे, फोडणी तेवढी रोज नवी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तेव्हा मला हसू यायचं. आता नुसता संताप येतो.

गावाचं गुरचरण एका कंपनीला द्यायचं निघालं. सगळ्या गावाची गुरं तिथं चरायची, काकांनी म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली बैलजोडीसुद्धा. मी सापगावहून माहेरी आले होते, म्हणून ग्रामसभेला देवळात जाऊन बसले. सरपंचांचं भाषण झालं आणि काका उठले. "आधी बातमी आयका," म्हणाले आणि पान वाचू लागले. घरटी एकाला काम, दारात नळ, जमिनींना सोन्याचा भाव. टाळ्यांनी देऊळ दणाणलं, आणि सगळ्यांत जोरात सरपंच वाजवत होते. काका टाळ्या थांबेपर्यंत उभे राहिले.

"आता तारीख बगा. तवा मला मिशी पन फुटली नव्हती. यातलं काय आलं, तेवढं कोनी सांगा."

काका गमतीशीर आहेत, असं म्हणत सरपंचांनी ठरावाला हात वर करायला सांगितलं, आणि हात वर झाले. तारीख डोळ्यांनी पाहिलेल्यांचेसुद्धा! पोराला नोकरी लागेल या आशेला नावं ठेवू नयेत, कळतं मला. पण गुरांनी काय खायचं, हे एकालाही विचारावंसं वाटू नये?

त्याहून वाईट पुढे झालं. पेपरात छापून आलं की ज्येष्ठ ग्रामस्थ हिराजी यांनी प्रकल्पाचे फायदे वाचून दाखवले आणि ग्रामस्थांनी टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले. वाचन खरं, टाळ्या खऱ्या, आणि बातमी धडधडीत खोटी. काका ते कात्रण घेऊन घरोघर फिरले. "मी तसं बोललोच नाय रे. तुमी व्हतात ना तिथं?" लोक म्हणायचे, "आता छापून आलंय, काका." गुरचरणाला तारेचं कुंपण पडलं. आत कारखाना नाहीच, नुसती पाटी उभी आहे. काकांना बैल विकावे लागले. दुकान त्यांनी बंद केलं आणि त्याच थंडीत ते गेले.

आमच्याकडे दहाव्याला नदीवर पुढाऱ्यांची भाषणं होतात, त्यांना कोणी अडवत नाही. सरपंचांनी माइक घेतला आणि म्हणाले, "गावाच्या विकासाला पहिला पाठिंबा आमच्या हिराजीकाकांनी दिला." माझ्या अंगाची लाही लाही झाली. दहाव्याला बाईनं माइक मागायची आमच्यात रीत नाही. मी मागितला नाही, सरळ त्यांच्या हातातून काढून घेतला.

"काकांनी विचारलं होतं, यातलं काय आलं? त्याचं उत्तर द्या आधी, श्रद्धांजली मग वाहा."

कोणीतरी माइकची वायर उपटली. मला वाटलं, काकू चिडतील. त्या सकाळपासून नवऱ्याच्या पिंडाजवळ गप्प बसून होत्या. त्या उठल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "परत इचार गो. मागं बसलेत त्यांना आयकू गेलं नाय."