पट्टीखाली गेलेलं लेबल

फोटोवाल्या मावशी तशा कुणाला भिणाऱ्या नव्हत्या. जीव अडकला होता तो दुकानाच्या परवान्यात. नवरा गेल्यावर हेलपाटे घालून घालून तो स्वतःच्या नावावर करून घेतला होता. आणि आता नवा नियम आला : यंत्रानं बनवलेल्या चित्रावर तसं छापलेलं दिसलंच पाहिजे, नाहीतर दुकानाला टाळं.

मावशी संगणकावर असे फोटो जुळवून देत आणि तसं इमानेइतबारे छापतही. खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, ‘संगणकनिर्मित’. मग फोटो शेजारच्या फ्रेमवाल्याकडे जाई आणि तो सवयीनं चारही कडा बोटभर लाकडी पट्टीखाली दाबून टाकी. तपासनीस पलीकडच्या गल्लीत फिरतोय म्हटल्यावर मावशींच्या हे ध्यानात आलं.

“अहो, माझं लेबल कुठंय?”

“आहे की आत, पट्टीखाली. अगदी सुखरूप.”

“तपासनीस काय पट्टी कुरतडून बघणारे?”

“सांगता येत नाही. सरकारी दात असतात.”

मावशींना हसू आलं नाही. असे किती फोटो घरोघरी गेले असतील? एक तर दातांच्या दवाखान्यातच लागला होता, बाकासमोर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत. डॉक्टरीणबाईंचे वडील आणि त्यांच्या मांडीवर नात. नात जन्मायच्या आधीच ते गेले होते.

मावशी पेन घेऊन तडक तिथं पोचल्या. डॉक्टरीणबाईंची आई बाकावर बसली होती.

“आजी, काचेवर एक शब्द लिहिते फक्त. नाहीतर माझं दुकान जाईल हो.”

“आत्ता नको. पोरगी शाळेतून येईल. रोज फोटोतल्या आजोबांना सगळं सांगते ती.”

“मग आतल्या खोलीत तरी लावा.”

“आणि आजोबांना का हलवलं म्हणून विचारलं तर?”

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. मावशींना वाटलं, तपासनीसच आला. त्यांनी टोपण काढलं आणि घाईघाईनं काचेवर ‘सं’ काढला.

दारात नात उभी होती. दप्तर न उतरवताच ती फोटोपाशी आली, मान वाकडी करून बघू लागली.

“सं...” ती म्हणाली. “आजी, पुढे काय?”

“मला काय विचारतेस?” आजी म्हणाल्या. “त्या मावशी लिहितायत ना, त्यांना विचार.”

पोरगी मावशींकडे बघत राहिली. जिन्यावर पुन्हा कुणाचे तरी बूट वाजायला लागले होते.