कोंबडीच्या पोटातल्या गोष्टी

किस्से जंतांसारखेच असतात. पोटात कधी शिरले, कधी वाढले, पत्ता लागत नाही. आणि एक दिवस चारचौघांत बाहेर पडतात!

आमची कॉलेजची बॅच अधूनमधून गंगापूर रोडला कुणाच्या तरी घरी जमते. सगळे जनावरांचे डॉक्टर. एक जण रेसच्या घोड्यांचं सांगतो, दुसरा सर्कशीतल्या हत्तीचं. मग सगळे माझ्याकडे वळतात. "हं मॅडम, कोंबड्या काय म्हणतात?" हसा लेको! उभी नोकरी मी नाशिक जिल्ह्यातल्या परसातल्या कोंबड्यांचे जंत पाडले. तुमचा हत्ती एकदा सांगून संपतो. माझा स्टॉक संपत नाही!

*

नव्वदच्या दशकात पहिली नेमणूक मिळाली सुरगाण्याकडच्या डोंगरात. दवाखान्यात मी आणि नामदेवकाका. सरकारी कागदावर काकांचं पद 'व्रणोपचारक', म्हणजे जखमा बांधणारा ड्रेसर. हा शब्द त्यांना स्वतःला कधी उच्चारता आला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "डॉक्टरीणबाईंच्या खालोखाल मीच!"

एका पाड्यावर एका म्हाताऱ्याच्या कोंबड्या वाळत चालल्या होत्या. मी पाण्यात औषध कालवून दिलं आणि बजावलं, "बाबा, सकाळी दुसरं पाणी दाखवायचं नाही. हेच पाजायचं. जंत पडतील."

पुढच्या फेरीला पाहते तर कोंबड्या तशाच काटकुळ्या.

"पाजलं नाही का?"

"मीच प्यालो."

मी घाईने त्यांची नाडी धरली. "अहो, कोंबड्यांचं औषध होतं ते!"

बाबा ठणठणीत. बिडी पेटवत म्हणाले, "कोंबडी शेवटी कोनाच्या पोटात जानार? माझ्याच ना? मग मधी कोंबडी कशाला!"

*

मग ठरवलं, नुसतं औषध देऊन भागायचं नाही, समजावून सांगायचं. बायांना शाळेच्या ओट्यावर जमवलं आणि जंताची सगळी कुंडली मांडली. "जंत कोंबडीच्या पोटात राहतात, तिथेच अंडी घालतात, ती अंडी बाहेर पडतात..."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, वा, डोक्यात शिरतंय!

शेवटी एक जण उठली. "बाई, अंडी जंत घालत्यात, तर मंग कोंबडी काय नुसती बसायला ठेवलीय?"

त्या आठवड्यात पाड्यावर कुणी अंडं खाल्लं नाही.

*

आमचे एक साहेब होते. दौऱ्यावर आले की दवाखान्याची पाहणी कमी, कोंबड्यांची जास्त! आवडलेला कोंबडा दुपारी ताटात लागायचा, आणि नाही म्हणायची कुणाची छाती नसायची.

एकदा त्यांची नजर यमुनाबाईच्या तांबड्या कोंबड्यावर पडली. यमुनाबाई एकटी बाई, नवरा गेलेला. घरात बोलायला कुणी नाही म्हणून ती दिवसभर त्या कोंबड्याशीच बोलायची. तो पण मान वाकडी करून ऐकायचा.

"नामदेव, आज हाच," साहेब म्हणाले.

यमुनाबाईचा चेहरा उतरला. तिने कोंबडा उचलून पोटाशी धरला. औषध दिलेली कोंबडी काही दिवस खायची नाही, हे मी गावात घरोघर सांगून ठेवलं होतं. ती एकदम म्हणाली, "सायेब, याला कालच जंताचं औषध दिलंय. पंधरा दिस खायचा नाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काल मी या गावात पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं.

"हो सर," मी म्हटलं. "माझ्या हातानं दिलंय."

"बरं, मग तो शेजारचा?"

"त्याला बी दिलंय," नामदेवकाका म्हणाले.

"आणि पलीकडचा काळा?"

"त्याला तर डबल!"

साहेब तापले. "अहो, गावात एक तरी कोंबडा शिल्लक ठेवलाय का?"

काकांनी छाती फुगवली. "नाय सायेब. सरकारी काम हाय. शंभर टक्के!"

साहेबांनी मुकाट पिठलं-भाकरी खाल्ली. पुढे घाटात जीपचा धुरळा दिसला की पोरं गावभर ओरडत सुटायची, "सायेब आले, औषध झालं!" यमुनाबाईचा कोंबडा म्हातारा होऊन मेला. जन्मभर साहेबांच्या लेखी तो औषधावरच होता!

*

मग बदली झाली देवळ्याला. तिथली बोली अहिराणीकडे झुकलेली. एका खळ्यात मी लक्षणं सांगत होते, "कोंबडी खूप खाते, पण अंगाला लागत नाही, दिवसभर नुसती बसून राहते..."

ऐकता ऐकता घरची सून माझ्या कानाशी आली. "बाई, हाई औषध सासूले चाली का? खूप खास, पन आंगले काहीच लागत नाही!"

सासू कोपऱ्यात कांदे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सूनले बी द्या. दिवसभर नुस्ती कलकल करस!"

*

दोन हजारनंतर शहरात आले. गंगापूर रोडला बंगल्याच्या मागे एका निवृत्त इंजिनीयर काकांनी हौसेने गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. मी सहज म्हटलं, "विष्ठा तपासून घेऊ, जंत असतील तर कळेल."

दुसऱ्या दिवशी काका दवाखान्यात हजर. हातात कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या, प्रत्येकीवर कोंबडीचं नाव. राणी, मैना, चिंगी!

"मॅडम, हे फास्टिंगचं. जेवणानंतरचं दुपारी आणतो."

सोबत आलेल्या काकू मागून म्हणाल्या, "माझी शुगर तपासायची म्हटलं की यांच्या स्कूटरमध्ये पेट्रोल नसतं!"

*

आणि हा शेवटचा. नाशिकजवळच्या एका भाजीपाल्याच्या गावात महिला बचत गटाचं कुक्कुटपालन शिबिर होतं. बाहेरून एक मोठे तज्ज्ञ बोलावले होते. पांढरा कोट, हातमोजे, बोलणं अगदी पुस्तकातलं. प्रात्यक्षिकासाठी गटातल्या हिराबाईने आपली कोंबडी दिली. अंगाने बरी, पण अंडी बंद झालेली.

"भगिनींनो," तज्ज्ञ म्हणाले, "ही आपली आजची पेशंट!"

रीतसर कापून त्यांनी आतडं उघडलं. आत लांबच लांब पांढरे जंत! बायांनी पदर नाकाला लावले. तज्ज्ञांनी चिमट्याने एकेक जंत उचलून दाखवला, बाटलीत भरला. मग हातमोजे काढत हिराबाईला म्हणाले, "आता या सगळ्याची नीट विल्हेवाट लावा."

"लावते की. तुम्ही काळजीच करू नका!"

दुपारी हिराबाईच्याच ओसरीवर पंगत बसली. बाजरीची भाकरी, कांदा, झणझणीत रस्सा. तज्ज्ञांच्या कपाळावर घाम, नाकात पाणी, तरी वाटी पुढे! तिसऱ्यांदा रस्सा घेताना म्हणाले, "वा हिराबाई! अशी चव शहरात नाही. कोंबडी कुठून आणली?"

हिराबाईने पळी तशीच हातात धरली.

"आणायची कशाला, सायेब? तुमचीच पेशंट हाय ती. जंत तुम्ही काढले, मसाला मी घातला!"