मॅरिटला पत्र वाचायचं होतं

मार्च लागला की आमच्या कॉलेजातली मुलं एकाएकी गोड होतात. जूनमध्ये मेडिकल आणि डेंटलचे अर्ज जातात, त्यांना विज्ञानाच्या प्राध्यापकांची शिफारसपत्रं लागतात, आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवणाऱ्या वेंडेल ऑस्टरहाउटच्या पत्राला मिशिगनभर वजन आहे. ती पत्रं गोळा करून पुढे पाठवायचं काम माझं. वाचायची नाहीत, नुसती पाठवायची. पण वेंडेल मात्र मला पाठ आहे.

इतका संशयी माणूस मी दुसरा पाहिला नाही. कोणी शंका विचारायला आलं की हा चष्म्यावरून बघत म्हणणार, "शंका खरी आहे, की पत्र हवंय?" एका पोराने आजीने भट्टीत भाजलेला, गोड सारणाचा रुबार्ब पाय आणला. वेंडेलने तो तसाच परत दिला. "आजीला म्हणावं, जुलैत कर. तेव्हा पोटभर खाईन."

"अरे, माणसाने प्रेमानेसुद्धा आणला असेल," मी म्हटलं.

"डोरीन, जुलैत आजवर कोणी पाय आणलाय का?"

पत्र गेलं की ही मुलं बाजारात समोरून आली तरी ओळख देत नाहीत, हे मीही पाहिलंय. त्याला ते लागायचं. बोलून दाखवायचा नाही, पण लागायचं.

मॅरिट डायकेमाने मात्र कधी काही आणलं नाही. दुधाचा धंदा असलेल्या घरातली, मोजकं बोलणारी पोरगी. शनिवारी कवळ्या बनवणाऱ्याच्या कारखान्यात कामाला जायची, आणि समोरचा हसला की आधी त्याच्या दातांचा रंग बघायची. तिला दातांचीच डॉक्टर व्हायचं होतं, दुसरं काही नाही. आदल्या वर्षी सगळ्या डेंटल कॉलेजांनी तिला नकार दिला होता. यंदा जमलं तर ठीक, नाहीतर गोठा सांभाळायचा असं घरी ठरलेलं होतं.

अर्जात एक चौकट असते. 'पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते' म्हणून तिथे खूण करायची. झाडून सगळी मुलं करतात. न केली तर कॉलेजांना वाटतं, मुलगी वाचणार म्हणून प्राध्यापकाने गुळमुळीत लिहिलंय. मॅरिटने ती चौकट मोकळी सोडली.

"अगं, स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?" मी म्हटलं.

"मला वाचायचंय," ती म्हणाली. एवढंच.

वेंडेलच्या कानावर गेल्यावर तो तरातरा माझ्या ऑफिसात आला. मॅरिट तिथेच बसलेली होती, तरी तिच्याकडे न बघता मलाच म्हणाला, "हिला वकील लावायचाय. नंबर लागला नाही की आमच्यावर केस! अशा मुलांना मी चांगला ओळखतो."

"सर, मला फक्त वाचायचंय."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

मॅरिटने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "नाही."

वेंडेल लालबुंद झाला. "बरं! मागच्या वर्षीचंच ऐक. कळू दे तुला, तुझ्यासाठी काय लिहिलं होतं ते." त्याने फोनवर पत्र काढलं आणि वर्गात वाचतात तसं मोठ्याने वाचायला लागला. मॅरिट हुशार, मॅरिट कष्टाळू, मॅरिट नेतृत्व करणारी. आता नेतृत्व म्हणाल तर ही पोरगी लिफ्टमध्ये शिरतानाही सगळ्यांना आधी जाऊ देते. पण स्वारी रंगात आली होती. "कोणत्याही मेडिकल कॉलेजला अशी विद्यार्थिनी..."

आणि तो थांबला.

"थांबलात का, सर? वाचा ना."

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. दरवर्षी तेच पत्र, फक्त नाव बदललेलं. तिचा अर्ज डेंटलचा आहे हे लिहिताना त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मुलाखतीत मला विचारलं," मॅरिट म्हणाली, "मेडिकलला जमणार नाही म्हणून इकडे आलीस का? दुसरीकडेही तेच. हे कुठून निघालं मला कळेना. वर्षभर विचार करतेय, सर. आई म्हणाली, तूच काहीतरी बावळटासारखं बोलली असशील."

वेंडेल खुर्चीत बसला. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पत्राचा कधी संशय आला नव्हता. मला त्याचा राग आला, अगदी मनापासून.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "त्या चौकटीत खूण कर. नवीन पत्र मी लिहितो आणि स्वतः होऊन तुला दाखवतो. तसं केलेलं चालतं. शब्द देतो."

"आधी दाखवा. मग खूण करते."

तो चक्क हो म्हणाला! मग त्याने तिला प्रयोगशाळेत हाताशी घेतलं. शनिवारी कवळ्यांच्या कारखान्यातही जाऊन उभा राहिला. मालकाला वाटलं, टॅक्सवाला आला.

मे संपता संपता त्याने माझ्या टेबलावर तिच्यापुढे पत्र ठेवलं. वाचताना ती मध्येच अडकली. मी वाकून पाहिलं, नियम गेला खड्ड्यात. लिहिलं होतं, 'ती सावकाश काम करते. घाई केली की तिचा हात थरथरतो, आणि हे तिला स्वतःला माहीत आहे, म्हणून ती घाई करत नाही.'

"हात थरथरतो?" मी ओरडलेच. "डेंटलच्या अर्जात?"

वेंडेल कसनुसा झाला. "खोडू का, मॅरिट?"

"राहू दे, सर." तिने पेन घेऊन चौकटीत खूण केली. "मागच्या पत्रात माझा एकही दोष नव्हता. तेव्हा तुम्ही मला बघितलंच नव्हतं."

डिसेंबरात तिला जागा मिळाली.