बारा, चार, आठ

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत वीज कशी वागते हेसुद्धा बहुमतानं ठरतं.

संघमित्रा आमची वायरमन. आधी तिचे वडील राजाराम पंप सांभाळत. ते थकले तशी ही आली. आयटीआय, लायसन्स, सगळं रीतसर. तरी चेअरमन अनंतकाका तिला ‘राजारामची पोरगी’च म्हणतात. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि जावयानं दिलेला, व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर गळ्यात घालून सोसायटीभर फिरतात.

गेल्या महिन्यात पंपाची केबल जळली. काकांनी परस्पर भाच्याकडून, केयूरकडून, ती जोडून घेतली. त्या दिवसापासून पंप नुसता घरघरायला लागला, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढेना. त्याच्या आठवडाभर आधी पंप उघडला होता संघमित्रानं, मग दोष दुसऱ्या कुणाचा असणार? तिच्या हलगर्जीपणाचा आणि काम काढून घेण्याचा ठराव मीटिंगआधीच टाइप झाला होता.

मीटिंग पंपरूमच्या दारातच भरली. काकांनी तिन्ही फेजना, म्हणजे पंपाला वीज आणणाऱ्या तीन वायरींना, मीटर लावून दाखवला. “दोनशे चाळीस, दोनशे चाळीस, दोनशे चाळीस. सप्लाय एकदम परफेक्ट!”

“काका, जोर सारखाच आहे, क्रम चुकलाय.” तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. “तिन्ही फेज एकदम जोर लावत नाहीत. एक बारावर, दुसरी चारवर, तिसरी आठवर. दोघींत एकशेवीस अंशांचं अंतर, म्हणून मोटर गोल फिरते. केयूरनं पिवळी आणि निळी वायर अदलाबदल केलीय. आता बारा, आठ, चार. तुमच्या मीटरला तिघी सारख्याच दिसणार, पण मोटर उलटी फिरणार ना!”

तिनं क्रम तपासायचं छोटं यंत्रही लावलं. त्यातली चकती खरंच उलटी फिरली.

“खेळणी घरी ठेव गं,” काका म्हणाले.

ठरावाच्या बाजूनं सतरा हात वर झाले. त्यात माझाही होता. मी फिजिक्स शिकवतो. तिचा शब्दन्‌शब्द मला पटला होता. पण काका माझे शेजारी.

तिसऱ्या दिवशी काकांच्याच नळानं राम म्हटला, तेव्हा तिला बोलावणं गेलं. ती पंपरूमच्या पायरीवर बसली. “आधी ठराव रद्द करा. लेखी. मग वायरला हात लावते.”

बादल्या खाली ठेवून तेच सतरा हात पुन्हा वर झाले. काकांनी सही केली. तिनं मेन स्विच बंद केला, दोन वायरी बदलल्या, स्विच चालू केला. पाच मिनिटांत पाइपातून पाणी वर चढू लागलं.

काका मीटर घेऊन धावले. “बघा, अजूनही दोनशे चाळीसच! मी काय सांगत होतो?”

संघमित्रानं तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि पंपरूमची किल्ली माझ्या हातात दिली.

“सर, नाव साफ झालं, बास. आता दुसरा वायरमन बघा.”

मला लाज वाटली. तिला थांबवायला हवं होतं. पण नळाला पाणी आलं होतं, आणि रांगेत माझी बादली पहिली होती.