आत्याचं माप आणि माझी तोफ

आमच्या बैठकीच्या खोलीत बरीच वर्षं एका ठिपक्याचा फोटो चौकट करून लावलेला होता.

पाहुणे यायचे, पाणी प्यायचे, फोटोकडे बघायचे आणि काचेवर माशी बसलीय असं समजून हात झटकायचे. मग आतून धुरपदाआत्या ओरडायची, "हाकलू नका, करकोचा हाय तो!" पाहुणे चष्मा पुसून पुन्हा बघायचे, "हां हां, दिसला" म्हणायचे आणि उरलेलं पाणी घाईघाईनं संपवून उठायचे.

धुरपदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. थोरली फक्त वयानं. उंची म्हणाल तर आमच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या दुसऱ्या फळीपर्यंत. तिसऱ्या फळीवरचा डबा काढायला तिला पाट लागायचा. उभा जन्म तिनं पेडगावकडच्या एका शाळेत चौथीच्या पोरांना शिकवण्यात घालवला. त्यांच्या पुस्तकात करकोच्याचा एक धडा होता. आत्या फळ्यावर करकोचा काढायची आणि दर वर्षी कुणीतरी पोरगं उठून विचारायचं, "बाई, ह्या कोंबडीचे पाय एवढे लांब का हायत?" आत्याला उत्तर देता यायचं नाही, कारण खरा करकोचा तिनंही कधी बघितलेला नव्हता!

तो दिसला निवृत्तीनंतर. येलदरीच्या धरणाचं पाणी हिवाळ्यात मागे सरकतं आणि उघड्या पडलेल्या गाळात लोक हरभरा पेरतात. दूरदेशीचे करकोचे दर हिवाळ्यात तिथं उतरतात, कारण हरभरा त्यांनाही आवडतो. आत्यानं ते बघितले आणि तिथंच बांधावर बसून राहिली. पुढं आखातात नोकरीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं तिला कॅमेरा पाठवला, तेव्हा तिनं एकच ध्यास घेतला. करकोच्याचा असा फोटो काढायचा की डोळ्यामागचा पांढरा तुरासुद्धा दिसला पाहिजे, आणि तो आपल्या जुन्या वर्गात लावायचा.

"आपल्याच जिल्ह्यात येणारं पाखरू पोरांनी बघितलेलं न्हाई," ती म्हणायची, "म्हंजे माझं शिकवणं अर्धंच राहिलं की रे, रंगा."

पण करकोचे माणसाला जवळ येऊ देत नाहीत, आणि कॅमेऱ्याची साधी लेन्स लांबचं ओढून आणत नाही. प्रत्येक हिवाळ्यात आत्या ठिपके घेऊन परत यायची. शेवटी एका संध्याकाळी ती म्हणाली, "यंदा तुरा दिसला न्हाई तर कॅमेरा पेटीत टाकायचा. हात बी थरथरायलेत आता." हे तिनं इतकं सरळ सांगितलं की माझी बायको मंगल भाकरी थापता थापता थांबली. 

मी छाती पुढं काढून म्हणालो, "आत्या, लांबचं दाखवणारी लेन्स मी आणतो!"

मी त्या वेळी सरकारी कचेरीत कारकून होतो. त्यामुळं मला सगळ्याच विषयांतलं कळायचं. लेन्सच्या बाबतीत माझा सिद्धान्त सोपा होता: जेवढी मोठी, तेवढं लांबचं दिसणार! हैदराबादला दुकानदारानं फळीवरच्या चार-पाच लेन्स दाखवल्या. मी त्यांच्याकडं ढुंकून न बघता जमिनीवर ठेवलेल्या एका लेन्सकडं बोट केलं. (ती जमिनीवर होती, कारण फळीला तिचं वजन पेलत नव्हतं. हे मला नंतर सुचलं.) परतीच्या गाडीत मी उभा होतो आणि लेन्स बसून आली.

घरी पोचलो तर मंगल म्हणाली, "आवं, बंब कशाला आणला? एक हाय की घरात!"

आम्ही कॅमेरा लेन्सला लावला. (लेन्स कॅमेऱ्याला लावली असं म्हणणं खोटेपणाचं होईल!) आत्यानं दोन्ही हातांनी तो सगळा ऐवज उचलला, डोळ्याला लावला आणि सावकाश पुढं वाकू लागली. आम्हांला वाटलं, नवी वस्तू आली म्हणून देवाला नमस्कार करायलीय. ती वाकत वाकत पार जमिनीकडं निघाली तेव्हा मंगलनं धावत जाऊन तिला कमरेला धरलं.

"सवय होईल," मी म्हणालो.

"कुणाला?" मंगलनं विचारलं. "आत्याबाईंला का जमिनीला?"

"मग खाली टेकू द्यायचा. तीन पायांचं तिकाटणं कशाला पाहिजे? माझा खांदा आहे की!"

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत कधी बंद, कधी मोर्चा, जिंतूरची एस.टी. सुटेलच याचा भरवसा नसायचा. ती सुटली त्या दिवशी आम्ही येलदरी गाठली. मी गाळात गुडघे टेकून बसलो. आत्या माझ्या मागं उभी राहिली. मी बसलो की माझा खांदा आणि उभ्या आत्याचा डोळा बरोबर एका रेषेत यायचा. देवानं आम्हां आत्या-भाच्यांना याच कामासाठी घडवलं असावं, असं मला वाटून गेलं.

"रंगा, श्वास घेऊ नको. सगळं हलायलंय."

"नाही घेतला तर मरेन की, आत्या."

"मग हळू घे."

एवढ्यात मागून आवाज आला, "कोण हाय? शिकारी का?"

हरभऱ्याचे मालक भगवानराव उभे होते. त्यांनी माझ्या खांद्यावरची लांब काळी नळी बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. "मारा, मारा! लय माजलेत! अर्धा हरभरा ह्यांच्याच पोटात गेलाय!" मग मागं वळून त्यांनी हाळी दिली, "आरं, या रे समदे! तोफ आलीय!"

बघता बघता आसपासच्या रानातली माणसं गोळा झाली, आमच्या मागं ओळीनं उकिडवी बसली आणि सगळ्यांनी कानात बोटं घातली. एका बाईनं तर विचारलं, "दोन पडले तर एक आमच्या हंडीला द्याल का?"

"रंगा, त्यांना सांग, फोटो हाय म्हणून," आत्या कुजबुजली. पण मी श्वास रोखलेला होता आणि श्वास रोखून बोलायची कला मला अवगत नाही! तेवढ्यात एका करकोच्यानं मान वर केली. आत्यानं बटण दाबलं.

टिक्.

भगवानरावांनी कानातली बोटं काढली. थोडा वेळ वाट बघितली. मग माझ्याजवळ येऊन, आजाऱ्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "उडालाच न्हाई की बार. दारू भिजली का?"

मला हसू फुटलं. हसू फुटलं की माझे खांदे हलतात. खांदा हलला तशी लेन्स घसरली, लेन्सच्या मागं कॅमेरा निघाला, कॅमेऱ्याचा पट्टा आत्याच्या गळ्यात होता म्हणून आत्या निघाली, आणि तिघंही माझ्या डोक्यावरून पुढच्या गाळात उतरली! करकोचे उडाले. रानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण काही का होईना, हरभरा वाचला होता.

आत्याला लागलं नव्हतं. तिनं पदरानं कॅमेरा पुसला आणि शांतपणे माझ्या हातात दिला. "पेटीत ठेव, रंगा," ती म्हणाली. एस.टी.त ती सारा वेळ खिडकीबाहेर बघत होती. मला फार वाईट वाटत होतं. तिचा शेवटचा हिवाळा मी माझ्या हौसेच्या वजनाखाली चिरडला होता. फोटो धुऊन आला तेव्हा ठिपक्याची रेघ झालेली होती. (प्रगतीच म्हणायची!)

त्या रात्री जेवताना मंगलनं मला वाढता वाढता धारेवर धरलं. "पायताण घ्यायचं तर माणूस पाय घेऊन जातो. लेन्स घेताना आत्याबाईंचा हात न्यायचा न्हाई का? तुमी तर स्वतःच्या मापाची घेऊन आलाव!"

मी भाकरीत तोंड लपवलं. आत्या मात्र जेवायची थांबली आणि विचारात पडली.

सकाळी उठून बघतो तर आत्या दारच्या ओट्यावर उभी. पाण्यानं भरलेला पितळी तांब्या दोन्ही हातांनी डोळ्यासमोर धरलेला आणि तोंडानं दिडकी चाललेली! दिडकी म्हणजे दीडचा पाढा. हल्लीच्या पोरांना ठाऊक नाही. मला त्या वेळीही ठाऊक नव्हता.

"नऊ दिड साडेतेरा, दहा दिड पंधरा..." हात थरथरला, पाणी सांडलं.

"आत्या, हे काय करायलीस?"

"करकोचा मान वर करून तुरा दाखवंपर्यंत माझी अख्खी दिडकी होते. मी मोजलंय. तेवढा वेळ हात हलला न्हाई पायजे." तिनं थोडं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा सुरुवात केली. असं ओतत ओतत अर्ध्या तांब्याला आली तेव्हा "वीस दिड तीस" झालं आणि पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. "हे माझं माप," आत्या म्हणाली. "चल हैदराबादला."

आणि ती अर्धा तांब्या पाणी घेऊन गाडीत बसली! डब्यातले लोक पाणी मागायचे आणि मी सांगायचो, "प्यायचं नाही हो, माप आहे ते." लोक माझ्यापासून सरकून बसायला लागले. मग एका म्हाताऱ्याला दशमी खाताना ठसका लागला. मी "माप, माप" म्हणून ओरडेपर्यंत आत्यानं तांब्या त्याच्या तोंडाला लावलासुद्धा.

"आता गं?" मी कपाळाला हात लावला.

"आसू दे. हाताला कळलंय आता."

दुकानदारानं मला लगेच ओळखलं. (त्या लेन्सला गिऱ्हाईक मिळाल्याचा आनंद तो अजून विसरला नसावा.) आत्या निजामाच्या शाळेत शिकलेली. ती थेट त्याच्या भाषेत म्हणाली, "मियाँ, हल्का दिखाओ. तोप नक्को."

पहिली लेन्स सात दिडला थरथरली. दुसरी बारा दिडला. दुकानदार घाबरून मला म्हणाला, "अम्मा मंतर पढ रै क्या?" मी म्हणालो, "हिसाब." तोवर बाकीची गिऱ्हाइकंही भोवती जमली आणि आत्याबरोबर मोजू लागली. शेवटी दुकानदारानं आतून एक बुटकी, रुंद वस्तू आणली. "इसमें आइने हैं, अम्मा. रोशनी अंदरइच घूमती, इसलिए छोटा है." आत्यानं ती उचलली. दहा दिड गेलं, पंधरा दिड गेलं, वीस दिड तीस झालं, आणि आत्याला थांबावंसंच वाटेना! दुकानातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"आत्या, हा डालड्याचा डबा आहे," मी तिच्या कानात म्हणालो. "यातून काय दिसणार?"

"तू गप बस," आत्या म्हणाली.

पुन्हा येलदरी. करकोचे अजून होते, पण परतीच्या बेतात. थंडीनं टक्कल फुटू नये म्हणून मी त्यावर भरपूर खोबरेल चोपडलं होतं आणि सवयीनं गाळात गुडघे टेकून बसलो.

"ऊठ, रंगा. तुझ्या खांद्याचं काम संपलं. लांब पलीकडं जाऊन बस."

इतक्या झटकन मला सरकारनंसुद्धा निवृत्त केलं नसतं! मी करकोच्यांना वळसा घालून पार पलीकडं पाण्याकाठी जाऊन बसलो. तिथं भगवानराव म्हशीला पाणी पाजायला आले होते. "आज तोफ कुठंय?" त्यांनी विचारलं.

"आज डबा आणलाय."

"मग जेवायलाच बसा की," ते म्हणाले.

मी त्यांना फोटोचं सगळं समजावून सांगत होतो, तेवढ्यात त्यांची म्हैस करकोच्यांच्या दिशेनं चालू लागली. ओरडावं तर पाखरं उडणार! मी चवड्यांवर पळत जाऊन तिच्या पुढं उभा राहिलो आणि एक तळहात वर करून नुसत्या डोळ्यांनी विनवू लागलो. बाई, थांब. आमच्या आत्याचा शेवटचा हिवाळा आहे. म्हशीनं मान खाली घातली आणि ती खरंच थांबली. पलीकडं, लांबवर, आत्या दोन्ही हात वर धरून उभी होती. तिचे ओठ हलताना मला दिसत नव्हते, पण दिडकी चालली होती हे मला ठाऊक होतं.

फोटो धुऊन आला. त्यात करकोचा होता. ठिपका नाही, रेघ नाही, करकोचा! लाल डोळा, काळी मान आणि डोळ्यामागं पांढरा तुरा, वाऱ्यानं थोडा वाकलेला. आत्या चष्मा काढून पदरानं डोळे टिपत राहिली. माझेही डोळे भरून आले, म्हणून मी ताबडतोब चुका काढायला लागलो.

"हे बघ, मागच्या पाण्यावर सगळीकडं गोल कडी उमटलीत! लेन्स खराब आहे. मी म्हणालो होतो."

"खराब न्हाई. आरशाच्या लेन्सनं मागची चमक अशीच गोल कड्यावानी दिसते, दुकानदारानं सांगितलंय मला. बघ की, बांगड्या सांडल्यावानी दिसायलंय."

तो फोटो मोठा करून आत्याच्या जुन्या वर्गात लागला. आत्या पुढंही बरीच वर्षं फोटो काढत राहिली. त्या लांब लेन्सच्या चामडी पेटीत मंगल लाटणी ठेवते. फोटो लावला त्या दिवशी आम्ही तिघंही गेलो होतो. आत्यानं पोरांना करकोचा दाखवला, तुरा दाखवला, तो कुठून येतो ते सांगितलं. कुणीही कोंबडी म्हणालं नाही. मग विचारलं, "काही शंका?"

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "बाई, करकोचा कळला. पर मागं ते म्हशीला आशीर्वाद द्यायलेले महाराज कोण हायत?"

सगळा वर्ग पुढं सरकला. मीही सरकलो. करकोच्याच्या मागं, लांबवर, धूसरसा मी उभा होतो. तळहात वर. पुढ्यात मान लववलेली म्हैस. आणि तेलकट टकलावर पडलेल्या उन्हाचं गोल, लखलखीत कडं माझ्या डोक्याभोवती! दोन-तीन पोरांनी हात जोडलेसुद्धा. मी संकोचून, पण मनातून जरा सुखावून आत्याकडं बघितलं.

"हात सोडा रे," आत्या म्हणाली. "महाराज न्हाईत ते. लेन्सचं जुनं तिकाटणं हाय."